नांतला जाताय? हत्तीपासून सुरुवात करू नका

प्रश्न असा आहे: "पॅरिसनंतर आमच्या हातात तीन दिवस आहेत. फ्रान्समधलं नांत हे एके काळचं जहाजबांधणीचं शहर आता कलेचं शहर झालंय, असं वाचलं. पण व्हिडिओंमध्ये सगळीकडे तो एकच मोठा लाकडी हत्ती दिसतो. बरोबर चौदा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. तीन दिवस घालवावेत इतकं तिथे आहे का, की सकाळी जाऊन हत्ती बघून संध्याकाळी परत यावं?"

तिन्ही दिवस द्या. आणि हत्ती दुसऱ्या दिवशी बघा.

जुन्या बंदरांची शहरं दाखवणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. या शहरांत गोदी बंद पडली, कारखान्यांना कुलपं लागली आणि मग तिथे संग्रहालयं, स्टुडिओ, उपाहारगृहं आली. त्यातली बरीच शहरं मला आता एकमेकांसारखी दिसायला लागली आहेत. तीच विटांची गोदामं, त्याच काचा, तीच कॉफी. नांत वेगळं वाटतं, कारण तिथे आधी काय होतं हे पुसलेलं नाही. कामाच्या जागी कला आली, पण कामाची आठवण शेजारीच ठेवलेली आहे. ती वाचत गेलात तर तीन दिवस कमी पडतील. फक्त हत्ती बघितलात तर शहर खेळण्यासारखं वाटेल आणि दोन तासांत संपेल.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर तिथे दिसणाऱ्या गोष्टींचा संबंध लागत नाही.

नांत समुद्रावर नाही. ल्वार नदीच्या काठावर, अटलांटिकपासून सुमारे पन्नास किलोमीटर आत आहे. अठराव्या शतकात या बंदराला जी श्रीमंती आली, तिच्यामागे गुलामांचा व्यापार होता. फ्रान्समधून गुलामांच्या व्यापारासाठी जितकी जहाजं निघाली, त्यात सर्वांत जास्त नांतची होती. पुढे जहाजं मोठी झाली, नदीतला गाळ अडचणीचा ठरला आणि मोठं बंदर नदीच्या मुखाशी, सँ-नाझेरला सरकलं. नांतमध्ये जहाजबांधणी, साखर, बिस्किटं आणि डबाबंद खाद्यपदार्थांचे कारखाने राहिले. शहराच्या मध्यातून वाहणारे नदीचे फाटे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुजवले गेले. आज तुम्ही ज्या रुंद रस्त्यावर ट्रॅममध्ये बसाल, तिथे पूर्वी होड्या लागत.

शेवटची मोठी गोदी द्युबिजाँ कंपनीची. तिथून 1986 साली 'बूगँव्हिल' नावाचं नौदलाचं जहाज पाण्यात उतरलं, आणि 1987 च्या जुलैत गोदी बंद झाली. ही गोदी होती ते नदीतलं बेट, म्हणजे नांतचं बेट. त्याचं पश्चिम टोक ओस पडलं. वेल्डर, फिटर, सुतार, रंगारी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच फाटकातून आत जाणारी माणसं घरी बसली.

यानंतर नांतने जे केलं, त्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. स्पेनमधल्या बिल्बाओचं नाव घेतलं की लोकांना 1997 सालची ती गुगेनहाइम संग्रहालयाची चकाकती इमारत आठवते. आधी इमारत, मग बाकीचं, असा समज तिथून पसरला. नांतमध्ये आधी माणसं आली आणि कार्यक्रम आले. 1989 मध्ये जाँ-मार्क एरो महापौर झाले. ते 2012 पर्यंत राहिले आणि नंतर देशाचे पंतप्रधान झाले. त्याच 1989 मध्ये 'रॉयाल द ल्युक्स' ही रस्त्यावर प्रयोग करणारी नाटक मंडळी तुलूझ सोडून नांतला आली. 1990 मध्ये जाँ ब्लेझ यांनी 'लेझाल्युमे' नावाचा महोत्सव सुरू केला. संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत, सलग सहा रात्री, दरवर्षी परदेशातलं एक शहर पाहुणं. पहिलं शहर बार्सिलोना. कार्यक्रम ठेवले ते बंद पडलेल्या कारखान्यांत आणि गोदामांत. ज्या जागांकडे लोकांनी पाठ फिरवली होती, तिथे तेच लोक रात्रभर थांबायला लागले. त्या जागांचं काय करायचं, याचा निर्णय शहराने नंतर घेतला. मला वाटतं, नांतचं जमलं ते यामुळे. लोकांना आधी जागेची ओढ लागली.

आता तुमचे तीन दिवस.

पहिला दिवस नदीच्या उत्तर काठावर, जुन्या शहरात घालवा. सुरुवात ब्रिटनी या पश्चिम फ्रान्समधल्या जुन्या प्रांताच्या ड्यूकांच्या किल्ल्यापासून. पुढे फ्रान्सची राणी झालेल्या ॲन ऑफ ब्रिटनीचा जन्म इथला, 1477 चा. आवार आणि तटबंदीवरची फेरी फुकट आहे, आतल्या इतिहास संग्रहालयाला तिकीट लागतं. संग्रहालय मोठं आहे, सगळं बघायच्या मागे लागू नका. सतराव्या-अठराव्या शतकाची दालनं मात्र सावकाश बघा. तिथे छापील सुती कापड मांडलेलं आहे. असं कापड आधी भारतातून यायचं, मग त्याची नक्कल नांतमध्येच छापली जाऊ लागली, आणि जहाजं ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन त्याच्या बदल्यात माणसं विकत घेत. आपल्याकडच्या विणकरांची कला या साखळीत कशी ओढली गेली, हे तिथे त्या कापडासमोर उभं राहिल्यावर जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. मुलीला ही दालनं नक्की दाखवा. चौदा वर्षांची मुलं हा विषय उत्तम समजून घेतात. जुलै-ऑगस्ट सोडून सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे वार बघून दिवस ठरवा.

किल्ल्यातून बाहेर पडून बुफे चौकाकडे चाला. वाटेत फरसबंदीवर एक हिरवी रेघ दिसेल. ही नांतची सगळ्यांत सोपी आणि माझ्या मते सगळ्यांत हुशार सोय आहे. शहरभर रंगवलेली ही रेघ एका कलाकृतीकडून दुसरीकडे, मधल्या गल्ल्या, बागा, टेकड्या घेत जाते. नकाशा उघडावा लागत नाही, तिकीट लागत नाही. दर उन्हाळ्यात, जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, 'ल व्हॉयाज आ नांत' नावाचा उपक्रम असतो. तेव्हा या रेघेवर नवीन कामं येतात आणि त्यातली काही कायमची राहतात. बुफे चौकातला पुतळा असाच राहिलेला आहे. फिलिप रामेत यांचं 2018 चं काम: सूट घातलेला माणूस चौथऱ्यावर उभा, पण एक पाऊल चौथऱ्याच्या बाहेर, थेट हवेत. कूर कांब्रॉन या शांत बागेत त्यांचंच दुसरं शिल्प आहे, चौथऱ्यावर चढू पाहणारी शाळकरी मुलगी. लेकीचा फोटो तिथे काढाच.

तिथून फेदो. याला अजून बेट म्हणतात, पण भोवतीचं पाणी कधीच बुजवलंय. इथे घाई करू नका. जहाजमालकांनी अठराव्या शतकात बांधलेल्या हवेल्या आहेत. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून एका इमारतीच्या खिडक्यांची रांग डोळ्यांनी धरा आणि शेजारच्या इमारतीपर्यंत न्या. रांग जुळत नाही. वाळूच्या जमिनीवर उभी असल्याने घरं कलली आहेत. काही तर शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललेली दिसतात. मग नजर खिडक्यांच्या वर न्या. प्रत्येक कमानीच्या मध्यावर दगडात कोरलेला एकेक चेहरा आहे. दाढीत शेवाळ गुंतलेले समुद्रदेव, गाल फुगवलेले वारे, चाचे, आणि मधेच आफ्रिकन माणसांचे चेहरे. पैसा कुठून आला, हे मालकांनी स्वतःच्याच दारावर कोरून ठेवलंय. कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच फेदोवर 1828 मध्ये जन्मले. जवळच 'फेडबॉल' नावाचं फुटबॉलचं मैदान आहे, केळ्यासारखं वाकडं. बाजूच्या मोठ्या वक्र आरशात बघितलं की ते सरळ दिसतं. मुलं तिथे खरोखर खेळत असतात.

दुपारनंतर के द ला फॉस या धक्क्यावर जा. दिवसातला सगळ्यांत महत्त्वाचा तास हा. चालताना पायाखाली, फरसबंदीत बसवलेल्या काचेच्या लहान पट्ट्या दिसतील. एकूण 2,000 आहेत. त्यातल्या 1,710 पट्ट्यांवर गुलामांच्या व्यापारासाठी निघालेल्या जहाजाचं नाव आणि साल आहे, उरलेल्या 290 वर वाटेतल्या आणि पलीकडच्या बंदरांची नावं. नावं वाचत चाला. बरीच नावं देखणी आहेत, गोड आहेत, आणि म्हणूनच वाचताना अंगावर काटा येतो. मग जिना उतरून धक्क्याच्या पोटात जा. क्रिश्तॉफ वोदिच्को आणि जूलियन बॉन्डर यांनी उभं केलेलं गुलामगिरीच्या उच्चाटनाचं हे स्मारक 2012 मध्ये खुलं झालं. एका बाजूला तिरकी उभी केलेली काचेची लांबच लांब भिंत, तिच्यावर अनेक भाषांत 'स्वातंत्र्य' हा शब्द आणि पाच शतकांतल्या लेखनातले उतारे. दुसऱ्या बाजूला काँक्रीटच्या खांबांमधून नदीचं पाणी. नदीला इथे भरती-ओहोटी आहे, त्यामुळे पाण्याची पातळी दर वेळी वेगळी दिसते. प्रवेश फुकट. सासूबाईंना जिना नको असेल तर वरच्या पट्ट्या आणि काठावरची बाकं पुरेशी आहेत.

हे स्मारक सहज झालेलं नाही. 1992 मध्ये किल्ल्यात गुलामांच्या व्यापारावर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा शहर या विषयावर मोकळेपणी बोलू लागलं. 1998 मध्ये गुलामगिरीची आठवण म्हणून याच धक्क्यावर ठेवलेल्या पुतळ्याची मोडतोड झाली. त्यानंतर कायमचं स्मारक करायचं ठरलं. म्हणजे हत्तीचा आराखडा आणि या स्मारकाचा निर्णय एकाच काळातले, एकाच नगरपालिकेचे. एका शहराने दोन्ही केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच म्हणते, हत्तीच्या आधी इथे या.

संध्याकाळी वेळ उरला तर पासाज पोमरे, 1843 मधलं तीन पातळ्यांचं छत असलेलं दुकानांचं दालन, आणि जवळच नाट्यगृहासमोरचं 1895 चं 'ला सिगाल', ज्याच्या भिंती रंगीत फरशांनी मढवल्या आहेत. तिथे नुसती कॉफी घेतली तरी चालते.

दुसरा दिवस बेटाचा. ट्रॅमची 1 नंबरची लाईन तुमचं सगळं काम करेल: रेल्वे स्टेशन, किल्ला, बुफे, मग 'शाँतिए नाव्हाल', म्हणजे गोदीचा थांबा, आणि पुढे जुनं बंदर स्थानक. गोदीच्या थांब्यावर उतरून पूल ओलांडला की तुम्ही नांतच्या बेटावर. जाताना पुलाच्या टोकाशी एक भारदस्त दगडी इमारत दिसेल. ती गोदीच्या कचेरीची. तिथे माजी गोदीकामगारांनी उभी केलेली संस्था आहे, 'माणसं आणि तंत्र' अशा अर्थाच्या नावाची. जहाजाचे नमुने, हत्यारं, आराखडे, आंदोलनांचे फोटो. उघडण्याची वेळ आधी बघून घ्या आणि उघडी असेल तर आधी तिथेच जा. फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही. रिव्हेट ठोकणाऱ्या माणसाच्या फोटोला भाषांतर लागत नाही.

मग बाहेर या आणि उतार बघा. जहाज पाण्यात सोडायचे ते काँक्रीटचे उतार शहराने फोडले नाहीत, जसेच्या तसे ठेवले आहेत. त्यांच्यावर आता लोक लोळत पडलेले असतात. शेजारी पिवळी 'टायटन' क्रेन. ती पाडावी असं काहींचं म्हणणं होतं. जुने कामगार आणि इतिहासप्रेमी अडून बसले, आणि 2005 मध्ये तिला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. आज तीच शहराची खूण आहे.

आता हत्ती. फ्राँस्वा देलारोझिएर आणि पिएर ओरेफिस यांनी 'ले माशीन द लील' हा प्रकल्प 2007 च्या जूनअखेर सुरू केला. जहाजांचे भाग जिथे बनायचे त्याच लोखंडी छपरांच्या शेडमध्ये. हत्ती 12 मीटर उंच, 21 मीटर लांब आणि वजनाला 48 टन. पोलादाचा सांगाडा, वर लाकडाची कातडी, कान चामड्याचे. पाठीवर आणि पोटात मिळून सुमारे पन्नास माणसं बसतात आणि माणूस रमतगमत चालेल त्याहून हळू तो चालतो. सोंडेतून पाणी उडवतो, कुणावर ते चालक ठरवतो.

आत बसावं की बाहेरून बघावं, हे मला सगळे विचारतात. खरं सांगते, आत बसलं की हत्ती दिसत नाही. तो बघायचा तर त्याच्या बाजूने चाला. गुडघा वाकताना हायड्रॉलिक दांडे कसे सरकतात, लाकडाचे तुकडे एकमेकांवर कसे बसवलेत, पापणी मिटते तेव्हा मधेच कशी थबकते, हे सगळं दोन हातांवरून दिसतं, आणि त्याला तिकीट लागत नाही. मुलीला बसायचंच असेल तर एका माणसाचं तिकीट काढा, बाकीचे बरोबर चाला. वर चढायला पायऱ्या आहेत, त्यामुळे सासूबाईंनी खालूनच बघावं. हवा फार खराब असेल तर फेरी रद्द होते, हिवाळ्यात काही आठवडे सगळंच बंद असतं, आणि उन्हाळ्यातली तिकिटं लवकर संपतात. म्हणून तारीख पक्की झाली की लगेच आरक्षण करा.

त्याहून मुलीला आवडेल ते 2012 मध्ये उघडलेलं समुद्री प्राण्यांचं कॅरोसेल. 25 मीटर उंच, तीन मजले: तळ, मधला खोल अंधार, आणि पृष्ठभाग. खेकडा, मासा, होडी, जिथे बसाल तिथे हातात काहीतरी दांडे असतात आणि ते ओढले की त्या प्राण्याचे कल्ले, डोळे, जबडा हलतो. बसणाराच ते यंत्र चालवतो. प्राण्यांचं दालनही चांगलं आहे, तिथले चालक यंत्रं चालवून दाखवतात. पण सगळ्यांत जास्त वेळ मी लोकांना थांबवते ते कार्यशाळेच्या वरच्या सज्जावर. खाली माणसं वेल्डिंग करतायत, लाकूड तासतायत, सांधे जुळवतायत. जहाजं गेली, पण लोखंड आणि लाकूड यांचं जे ज्ञान इथे होतं त्याला पुन्हा काम मिळालं, हे तिथे उभं राहून समजतं. गोदीत हजारो माणसं होती, इथे त्या मानाने मूठभर आहेत. तो हिशोब कधी जुळणार नव्हता आणि जुने कामगार ते स्पष्ट सांगतात. त्यांचं म्हणणं ऐकूनच हे बघावं.

बेटाचं पश्चिम टोक चालत करा, सपाट आहे, बाकं भरपूर आहेत. वाटेत चंद्रावरची विवरं असावीत तशी उड्या मारायची जागा आहे, आणि एकाच खांबाला वेगवेगळ्या उंचीवर अनेक बास्केट लावलेलं 'बास्केटबॉलचं झाड'. शेवटच्या धक्क्यावर दानिएल ब्युरेन आणि पात्रिक बुशाँ यांची 18 मोठी कडी नदीच्या कडेने एका रांगेत उभी आहेत. एका कड्यातून पुढच्या कड्यात बघा, नदीचा तुकडा चौकटीत बसतो. रात्री ती लाल, निळी, हिरवी पेटतात. मागचं केळ्यांचं गोदाम आता बार आणि उपाहारगृहांनी भरलंय. कुटुंबाबरोबर तिथे खास काही मिळणार नाही, कडी बघून परत फिरा. बेटावरच जाँ नुव्हेल यांचं काळंभोर न्यायालय आहे आणि लाकातों-व्हासाल यांनी बांधलेलं, 2009 मध्ये उघडलेलं वास्तुकला महाविद्यालय. त्याच्या गच्चीपर्यंत रुंद उतारच नेला आहे. वर जाता आलं तर नदीचे दोन्ही फाटे दिसतात.

संध्याकाळी बंदर स्थानकाच्या थांब्यावरून शहर वाहतुकीची होडी पकडून पलीकडे त्राँतमूला जा. ट्रॅमचंच तिकीट चालतं. मच्छीमारांची जुनी वस्ती, माणूस जेमतेम जाईल अशा गल्ल्या, प्रत्येक घराचा रंग वेगळा. धक्क्यावर एका जुन्या काँक्रीटच्या कारखान्याच्या भिंतीवर रोमान सिग्नर यांचा प्रचंड लंबक डोलत असतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवूनच परत या. परतीची शेवटची होडी किती वाजता, हे जातानाच बघून ठेवा.

तिसऱ्या दिवशी बहुतेक जण पॅरिसला परततात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण नांतची गोष्ट नांतमध्ये पुरी होत नाही. ती नदीबरोबर समुद्रापर्यंत जाते. 2007, 2009 आणि 2012 अशा तीन वेळा 'एस्च्युएर' या उपक्रमात नांत ते सँ-नाझेर या सुमारे 60 किलोमीटरच्या पट्ट्यात कलाकारांनी कामं केली आणि तीसहून अधिक तिथेच कायम आहेत. कुएराँजवळ नदीच्या पात्रात तिरकं, अर्धं बुडालेलं एक घर उभं आहे, रॉयाल द ल्युक्सचे संस्थापक जाँ-ल्युक कूर्कूल यांचं. ल पेलराँच्या कालव्यावर एर्विन वुर्म यांची शिडाची होडी कठड्यावरून पाण्याकडे वाकलेली आहे, जणू तिला राहवत नाही. हंगामात नांतहून सँ-नाझेरपर्यंत बोटीची सफर असते. तुमच्या तारखांना ती मिळाली तर घ्याच, सासूबाईंना बसून सगळं बघता येईल. गाडी भाड्याने घेतलीत तर सँ-नाझेरचा उंच पूल ओलांडून सँ-ब्रेव्हाँच्या किनाऱ्यावर ह्वांग योंग पिंग यांचा ॲल्युमिनियमचा समुद्रसर्प बघा. 130 मीटरचा नुसता सांगाडा. ओहोटीला पूर्ण दिसतो, भरतीला लाटांत शिरतो. जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहा, आणि जमलं तर पाणी चढत असताना तिथे असा.

बोट नाही, गाडी नाही, तरी नांतहून सँ-नाझेरला लोकल ट्रेन आहे आणि प्रवास तासाभराच्या आत होतो. या गावात जे दिसतं ते नांतमध्ये दिसत नाही: इथली गोदी अजून चालू आहे. 'क्वीन मेरी 2' हे प्रचंड प्रवासी जहाज इथेच बांधलं गेलं. आजही प्रचंड प्रवासी जहाजं इथे तयार होतात आणि गावाच्या रस्त्यांवरून कामाच्या कपड्यांतली माणसं पाळी संपवून जाताना दिसतात. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. आरक्षण आधी करावं लागतं आणि ओळखपत्र लागतं, म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवा. माझ्या अनुभवात, नांतच्या रिकाम्या उतारांवर एक दिवस घालवून आलेल्या माणसाला इथलं अर्धवट बांधलेलं जहाज बघताना जे वाटतं, ते थेट इथे आलेल्याला वाटत नाही.

बंदराच्या मधोमध दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बांधलेला पाणबुड्यांचा तळ आहे. दोस्तराष्ट्रांच्या बाँबहल्ल्यांत गाव जवळजवळ सगळं उद्ध्वस्त झालं, पण हा काँक्रीटचा डोंगर टिकला. तो फोडणं परवडणारं नव्हतं. पुढे त्याच्याच पोटात प्रदर्शनाची जागा, संगीताचं सभागृह आणि जुन्या प्रवासी जहाजांचं अंतरंग उभं करून दाखवणारं 'एस्काल अटलांटिक' हे संग्रहालय आलं. शहराच्या बाजूने लांब उताराची वाट थेट छतावर जाते. वर फेलिचे वारिनी यांचं काम शोधा. बंदरातल्या इमारती, टाक्या, छपरं यांवर विखुरलेले लाल तुकडे रंगवलेले दिसतील, अर्थ काहीच लागत नाही. छतावरच्या एका ठरावीक जागी उभं राहिलं की ते सगळे जुळतात आणि अख्ख्या बंदरावर त्रिकोण उभे राहतात. एक पाऊल सरकलं की पुन्हा विस्कटतात. ती जागा मुलीला शोधू द्या, आधी सांगू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीने नांतला दोन तासांच्या थोडं वर लागतं. आगाऊ तिकीट बरंच स्वस्त पडतं. राहायचं बुफे आणि कॉमेर्स या थांब्यांच्या आसपास, म्हणजे सासूबाईंना दुपारी खोलीवर येऊन पायांना विश्रांती देता येईल. 2021 पासून नांतची ट्रॅम-बस सेवा शनिवार-रविवारी सगळ्यांना मोफत आहे, त्यामुळे शहराचे दोन दिवस शक्य तर शनिवार-रविवारी बसवा आणि सँ-नाझेर शुक्रवारी किंवा सोमवारी. पाऊस अटलांटिकवरून येतो आणि अर्ध्या तासात जातो. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी असाल तरी अडचण नाही. बकव्हीटच्या पिठाचे 'गालेत' चीज, मशरूम, अंडं घालून किंवा न घालता सगळीकडे मिळतात, फक्त हॅम नको हे आधी सांगा. नांतचा केक बदाम, लोणी, साखर आणि भरपूर रम घालून करतात. साखर आणि रम कॅरिबियन समुद्रातल्या अँटिलीजच्या बेटांवरून याच धक्क्यावर उतरायची, तेव्हा पहिल्या दिवशी जे वाचाल ते या केकच्या घासातही आहे. आणि चौकोनी, दातेरी कडांचं 'पती ब्यर' बिस्किट, 1886 पासूनचं, इथल्याच 'ल्यू' कारखान्यातलं. तो कारखाना आता 'ल्यू युनिक' नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, किल्ल्याच्या समोरच, रंगीत मनोऱ्याचा. 2000 च्या पहिल्याच दिवशी तो उघडला. नागरिकांनी विसाव्या शतकातली आठवण म्हणून दिलेल्या वस्तू तिथे भिंतीआड बंद करून ठेवल्या आहेत आणि त्या 1 जानेवारी 2100 ला उघडायच्या आहेत. आत रोजची वर्दळ असते: बार, पुस्तकांचं दुकान, प्रदर्शनं, अभ्यासाला बसलेले विद्यार्थी. पाऊस आला तर आडोशाला इथेच या.

वगळायचं काय, हेही सांगते. ज्यूल व्हर्न संग्रहालय वाईट नाही, पण लहान आहे आणि चढावर आहे. लेकीने त्यांची पुस्तकं वाचली नसतील तर सोडा. त्याऐवजी त्याच टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या दगडखाणीत 2019 मध्ये खुली झालेली 'जार्दाँ एक्स्त्राऑर्दिनेर' ही बाग बघा. 25 मीटरवरून पडणारा धबधबा, दमट हवेतली मोठ्या पानांची झाडं. खालच्या वाटा सोप्या आहेत. कड्यावर चढणारा जिना मात्र गुडघ्यांना झेपणार नाही. वर तादाशी कावामाता यांचा लाकडी सज्जा आहे, कड्याबाहेर झेपावलेला, तिथून सगळं बेट, क्रेन आणि नदी दिसते. तुम्ही आणि मुलगी जाऊन या, सासूबाई बागेत बसतील. याच खाणीत लोखंडाचं एक महाकाय झाड आणि त्यावर उडते बगळे उभे करायचा बेत होता. हत्तीवाल्यांचाच. खर्च वाढत गेला, शहरात बरीच वर्षं वाद झाला आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये महापौर जोआना रोलां यांनी तो रद्द केला. नांतकरांना त्याबद्दल विचारलंत तर दोन्ही बाजूंची मतं भरभरून ऐकायला मिळतील. जरूर विचारा. आपल्या शहरात काय उभं राहावं यावर तिथले लोक इतकं जीव तोडून बोलतात, आणि तेही तुमच्या तीन दिवसांत ऐकण्यासारखं आहे.

तारखा ठरल्या की आरक्षणं या क्रमाने करा: आधी सँ-नाझेरच्या गोदीची फेरी, कारण तिच्या जागा मर्यादित असतात, मग हत्ती, मग नदीची बोट. बाकी सगळं आयत्या वेळी जमतं.